पंचविसावा महिना

साउथहॅम्प्टन
१७ जानेवारी १९८८

उल्के,

आजीचा जयभीम, आणि गालाला हात लावून मुका. मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण त्याचं तू विचारू नकोस, तोही माझं विचारत नाही.

तुझं नव्या वर्षाचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचते तेव्हा अक्षरं लागतात, दुसऱ्यांदा अर्थ लागतो, तिसऱ्यांदा तू दिसतेस. अडतिसाव्या वर्षी बाराखडी शिकलेल्या बाईचं वाचणं असंच असायचं. 'मोठी टर्की होता' असं लिहिलंयस. अगं, पक्षी असला तरी टर्की होती. मोठा असला तरी होती. तुझ्या बाबाने ऐकलं असतं तर दहा वेळा लिहून घेतलं असतं.

आणि काय गं, एक जानेवारीला चवळी? तुझ्या वेंडलची आई, पर्लबाई, म्हणते चवळी खाल्ली की वर्ष बरं जातं? मी हसत सुटले. मनमाडला आम्ही चवळी खाऊनच वर्षं काढली, त्यातलं एकही बरं गेलं नाही. पण त्या पर्लबाईंच्या चवळीत गुण असेल, नाही म्हणू नये. सोबत पालेभाजी काळी होईपर्यंत शिजवलेली आणि मक्याचा ब्रेड. तू ब्रेड म्हण, मी भाकरीच म्हणणार. हे सगळं वाचताना मला वाटलं, आपली पोर परक्या घरी जेवायला बसलीच नाही, पाटच नुसता लांब मांडलाय.

तुमच्या अमेरिकेची मला फार गंमत वाटते. मागे फोनवर म्हणालीस ना, "आजी, फॉलला इकडे खूप छान असतं, फॉलला तू ये." मी फोन ठेवला आणि तुझ्या आईला म्हटलं, "सुप्रभा, पोरगी साड्या नेसायला लागली वाटतं. फॉल लावायला मला बोलावते." ती हसून हसून ओट्याला टेकली. पानगळीला फॉल म्हणतात होय! आणि बिस्किट म्हणजे बिस्किट नाही, मऊ पाव, त्यावर पांढरा रस्सा. फुटबॉल हातात घेऊन पळायचं. जमिनीवरच्या मजल्याला पहिला मजला म्हणायचं. दिव्याचं बटण वर केलं की दिवा लागतो, आपल्याकडे खाली केलं की. म्हणजे इथलंच सगळं उचलून कुणीतरी उलटं करून ठेवलं आणि त्याला अमेरिका नाव दिलं. तुला बरं जमतं. मी तर पहिल्याच दिवशी जिन्यात हरवले असते.

आता जे लिहायला बसले होते ते. बसले आणि चवळीत शिरले.

तुझ्या बाबाचं, सुखदेवचं, दोन ओळींचं पत्र तुला मिळालं असेल. 'या लग्नाला आमच्यापैकी कोणी येणार नाही. कारण तुला ठाऊक आहे.' तुझ्या आईची सही त्याने मागितली नाही, तिने दिलीही नसती. तुझं लग्नाचं पत्र या घरात कुणी वाचलं, कसं वाचलं, ते जाऊ दे. वाचलं गेलं. तेव्हापासून तो पोर्टातून येतो, जेवतो, पेपर उघडतो आणि एकाच पानावर बसून राहतो.

मला त्याने बजावलंय. "आई, तू तिला यातलं एक अक्षर लिहायचं नाहीस. तिला आपणहून कळलं पाहिजे. सांगून कळलं तर त्याला काय अर्थ?" मी हो म्हणून बसलेय, म्हणून कारण लिहीत नाही. एवढंच सांगते, तारीख बदल. दुसरा कुठलाही दिवस धर, कुठलाही. बाकी सुखदेवला मी बघते, त्याला मी जन्म दिलाय.

वेंडलचा फोटो चहाच्या डब्यामागे ठेवलाय. येता-जाता बघते. उंच आहे गं! हसतो छान. मुलांना इतिहास शिकवतो म्हणतेस, मग त्याला आपलाही सांग.

तुझी आजी
द्रौपदी


२० मार्च १९८८

उल्के,

जयभीम. तुझं पाकीट आलं, आत चार पानं. चारही पानं खेळाची आणि खाण्याची. मला आवडली, पण पत्र उलटंपालटं करून बघितलं, लग्नाचं कुठे काही आहे का. होत्या, शेवटच्या पानाच्या कडेला, दोन ओळी.

त्याआधी त्या प्राण्याचं सांगते. मी आपल्या मंडळाच्या हॉलवरच्या बायकांना सांगितलं की अमेरिकेत फेब्रुवारीत एका घुशीला बिळातून काढतात आणि तिची सावली पडली की नाही ते बघून थंडी किती राहणार ते ठरवतात. कोट घातलेले मोठे मोठे लोक टोपी काढून घुशीपुढे उभे! आम्ही पंचांग सोडलं, ग्रह सोडले, आणि चंद्रावर माणूस पाठवणारे लोक घुशीला विचारतात. बायका इतक्या हसल्या की सुखदेव बाहेरून आला, काय झालं म्हणून. मी म्हटलं, "अमेरिकेचं चाललंय." तो गेला परत.

आणि गेल्या चार जुलैचं, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाचं. वेंडलच्या काकांनी तुला चिडवलं ना, "तुम्हा इंग्रजांना आम्ही हाकलून दिलं, आता तू आमच्याच अंगणात सॉसेज खातेस?" आणि तू म्हणालीस, "काका, आमच्या आजीने पण त्यांना हाकललं, मग त्यांच्याच घरी राहायला आली." शाबास! पण मी एकटीने नाही हो हाकललं.

बेसबॉल मला कळला नाही. तीन तास चालतो, त्यातला बराच वेळ कुणी काही करत नाही, आणि मधेच सगळे उठून आळस देतात, असं लिहिलंयस. हे तर क्रिकेटच झालं, चहा नसलेलं. आणि फक्त स्वतःच खेळतात तरी त्याला जगाची स्पर्धा म्हणतात! त्यावर सुप्रभा म्हणाली, "आई, हे वाक्य ह्यांना वाचून दाखवू नका, जयंतीच्या भाषणात घेतील."

सुप्रभाने तुला दोनदा फोन केला. तू तिला म्हणालीस, "मम, लग्नाचं बोलू नको. बाबा नाही तर तू पण नको. एक खुर्ची भरलेली आणि एक रिकामी मला नाही बघायचं." तेव्हापासून तुम्ही दोघी पावसाचं आणि पोटाचं बोलता. फोन ठेवल्यावर ती नर्सच्या युनिफॉर्मचं घड्याळ उगाच पुसत बसते. परवा सुखदेवला म्हणाली, "अहो, मी एकटी जाऊ का?" तो म्हणाला, "जा. मला त्या दिवशी दुसरं काम आहे."

आता तुझ्या त्या दोन ओळी. 'आजी, आपण मुहूर्त मानत नाही ना? मग तारीख कशाला बदलायचं? तारीख बदललं तरी माणूस तोच राहणार.' मी त्यावर आठवडा घालवला. माणूस म्हणजे कोण? तुझा बाबा? तो तोच राहणार हे खरं, तो काही बदलणाऱ्यातला नाही. पण पोरी, इतकं कडू तू कधी लिहीत नव्हतीस.

आणि तो फोन. तू केलास आणि त्यानेच उचलला. मी जिन्यात होते. तो "हॅलो" म्हणाला आणि ऐकत राहिला. मग तू काय म्हणालीस ते त्याने ठेवल्यावर सांगितलं. "म्हणते, मला कारण चांगलं माहीत आहे बाबा, आणि त्याची लाज तुम्हाला वाटली पाहिजे." मला म्हणाला, "बघ आई. माहीत आहे तिला. माहीत असून करते." त्या दिवसापासून तो तुझं नाव घेत नाही. 'ती' म्हणतो. चौदा एप्रिलच्या जयंतीची पत्रकं काढायची आहेत, ती दरवर्षी तू लिहायचीस. यंदा त्याने स्वतः लिहिली, आणि त्याचं अक्षर कसं आहे तुला ठाऊक आहे.

लाज त्याला का वाटावी, हे मला कळत नाही. तुला कळत असेल तर मला लिही. मला घाबरू नकोस.

आजी


९ जून १९८८, गुरुवार

उल्के, माझी उल्के,

हे पत्र मी सकाळी मनातल्या मनात हसत सुरू केलं होतं. ते हसणं पुसत नाही, तसंच पुढे लिहिते. हे तुझ्या हातात पडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, तरी लिहिते. सुखदेव यायला अजून तीन तास आहेत, सुप्रभा रात्रपाळीसाठी झोपलीय, आणि या घरात मला बोलायला कुणी नाही.

आज तुझं खोकं आलं. एप्रिलात टाकलेलं, जहाजाने. काय काय भरलंस गं! वेंडलच्या संघाची टोपी मी तिथल्या तिथे घातली. पोस्टमन म्हणाला, "लव्हली, मिसेस." पॅनकेकच्या पिठाचं पाकीट, म्हणजे आपली धिरडी, फक्त गोड पाकात बुडवलेली. शेंगदाण्याची बरणी. बोट घालून चाटली. बरी आहे, चटणीत तिखट घालायला विसरले बिचारे. पर्लबाईंनी दिलेलं मक्याचं पीठ, त्यावर त्यांच्या हातचं 'फॉर ग्रॅन्डमा'. मी ती चिठ्ठी छातीशी धरली. बघ, त्या बाईने मला पाहिलेलं नाही.

सगळं ओट्यावर मांडलं आणि जुन्या सवयीने शिक्के बघायला लागले. तुला आठवतं ना, केकच्या फॅक्टरीत मी अकरा वर्षं पट्ट्यापाशी उभी होते. माझं काम एकच. पेटी आली की तारखेचा शिक्का बघायचा. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. चुकला की पेटी बाजूला. इंग्लिश मला येत नव्हतं, पण आकड्यांत मला कुणी हरवत नव्हतं.

मक्याच्या पिठावर नऊ, पंचवीस, अठ्ठ्याऐंशी. मी म्हटलं, चुकला. पंचविसावा महिना कुठला? पाकीट बाजूला सारलं. पॅनकेकचं पीठ घेतलं. अकरा, अठरा, अठ्ठ्याऐंशी. अठरावा महिना. तेही बाजूला. बरणी घेतली. दहा, तीस, अठ्ठ्याऐंशी.

उल्के, एका कारखान्यात चूक होते. तीन कारखान्यांत एकच चूक होत नाही.

मी खाली बसले. टोपी डोक्यावर होती ती तशीच. मग उठून कपाटातून तुझं जानेवारीचं पत्र काढलं. तुझं वाकडं मराठी, मीच याच टेबलावर शिकवलेलं. 'आजी, माझं आणि वेंडलचं लग्न 6/12 ला आहे. बाबांना सांग, प्लीज.'

आता ऐक. जानेवारीत तुला लिहिलं होतं, कुणी वाचलं ते जाऊ दे. मीच वाचलं. रविवार होता, सगळे चहाला बसले होते, आणि मला वाचता येतं याचा मला किती तोरा असतो तुला माहीत आहे. चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "लग्न सहा डिसेंबरला आहे." तू नुसते आकडे लिहिले होतेस. डिसेंबर मी घातला.

सुखदेवचा कप बशीवर वाजला. माझ्या हातातून कागद घेऊन त्याने पाहिलं. आकडे तेच होते.

सहा डिसेंबर म्हणजे काय ते मी तुला सांगायला नको. बाबासाहेब गेले तेव्हा तुझा बाबा अठरा वर्षांचा होता. मनमाडहून बापाबरोबर मिळेल त्या गाडीने, दाराला लटकून मुंबईला गेला. तीन दिवसांनी दोघे परत आले तेव्हा बापलेकांना आवाजच नव्हता, रडून बसला होता. तेव्हापासून त्या दिवशी आपल्या घरात गोड शिजलेलं नाही. तू सात वर्षांची असताना त्या दिवशी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली नाहीस, आपणहून, तेव्हा त्याने तुला खांद्यावर घेऊन हॉलभर फिरवलं होतं. आणि त्याच मुलीने त्याच दिवशी लग्न धरलं, असं त्याने माझ्या तोंडून ऐकलं.

म्हणून मी 'तारीख बदल' म्हणत होते. म्हणून सुप्रभाने पहिल्या आठवड्यातच म्हटलं होतं, "अहो, त्या दिवशी मंगळवार येतो. मंगळवारी कोण लग्न करतं?" तर तो म्हणाला, "म्हणजे मुद्दामच धरलाय."

सहावा महिना, बारा तारीख. येता रविवार. आज गुरुवार.

दाराचा आवाज आला.


१० जून, सकाळ

तेच पत्र पुढे लिहिते. फोनवर तू काय बोललीस ते तुला माहीत आहे. इकडे काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

तो बूट काढत होता. मी तिन्ही पाकिटं आणि तुझं पत्र त्याच्यापुढे ठेवलं.

"हे काय आई? आणि डोक्यावर काय घातलंयस?"

"शिक्के वाच."

वाचले. एक बूट पायात, एक हातात. मग पत्र वाचलं. मग कितीतरी वेळ बुटाची नाडीच बघत राहिला.

"आई, पोर्टात वीस वर्षं मी अमेरिकेचे कागद बघतोय," तो म्हणाला. "महिना आधी असतो. नवीन पोरं लागली की पहिल्या दिवशी मीच सांगतो त्यांना. महिना आधी, नाहीतर कंटेनर चुकेल."

"मग रे?"

"ती अमेरिकन नाही ना. ती उल्का आहे. ती आपल्यासारखंच लिहिणार, असं मी..."

सुप्रभा ड्यूटीवर निघाली होती, ती दारातच थांबली. तिने सरळ नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

त्याने तुला विचारलं, लग्न कधी आहे. तू सांगितलंस, या रविवारी, तुम्हाला माहीत आहे. तो म्हणाला, "आम्हाला सहा डिसेंबर वाटलं." रिसीव्हरमधून तुझा आवाज मलाही ऐकू येत होता. मग त्याने विचारलं, "मग तुला काय वाटलं, मी का येत नाही?" आणि तू सांगितलंस.

उल्के, त्याच्या तोंडाकडे मी बघत होते. नाशिकला तो लहान असताना एकाने त्याला पाण्याच्या टाकीवरून मारून हाकललं होतं, तेव्हाचं तोंड मला आठवलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला. "वेंडल काळा आहे म्हणून?" एवढंच म्हणाला, अगदी हळू. "मी? उल्का, मी?"

तू म्हणालीस, "तुम्ही एकदा पण नाही विचारलं, बाबा. पाच महिने. मी तसं करेन असं तुम्हाला वाटलंच कसं?"

आणि या मूर्खाने काय म्हणावं? "तूही नाही विचारलंस. तुला तरी कसं वाटलं?"

तू फोन ठेवलास. बरोबर केलंस. मीही ठेवला असता.

यात माझा वाटा मोठा आहे. तो मी कुणाच्या अंगावर ढकलत नाही. पण एक सांगते. मी चुकीचं वाचलं, ते दोन मिनिटांत दुरुस्त झालं असतं. तुम्ही दोघांनी एकमेकांना जे वाचलंत, त्याला काय करायचं ते मला कळत नाही.


१४ जून १९८८

उल्के,

आता तू सौभाग्याची झालीस. वेंडलला माझा जयभीम सांग, आणि त्याने शनिवारी फोन केला म्हणून त्याचे आभार मान. तुला विचारून केला की न विचारता ते मी विचारत नाही.

सुखदेवनेच उचलला होता. वेंडल "सर, सर" म्हणत होता, सुखदेव इकडून "नो सर, नो सर" म्हणत होता. बराच वेळ दोघं एकमेकांना सरच म्हणत होते. मग वेंडलने सांगितलं की चर्चच्या स्वयंपाकघरात फोन आहे, त्याची वायर लांब आहे, हॉलच्या दारापर्यंत येते. आमच्याकडे दोन वाजता म्हणजे तुमच्याकडे सात. तुम्ही तुमची प्रार्थना म्हणाल का, सर?

रविवारी सहा वाजल्यापासून आम्ही तिघं पांढरे कपडे घालून फोनपाशी बसलो. सुखदेवला हजार माणसांपुढे बोलताना घाम येत नाही, इथे रुमाल भिजला. फोन वाजला. आधी नुसता गलका, भांडी, कुणाचं तरी हसणं, पियानो. मग वेंडल म्हणाला, "रेडी, सर." आणि सुखदेवने सुरू केलं, 'नमो तस्स भगवतो'. तो एक ओळ म्हणायचा आणि तिकडून सगळी माणसं ती ओळ म्हणायची. त्रिशरण म्हणताना पर्लबाईंचा आवाज सगळ्यांत वर होता ना? जाड, घुमणारा. मी लगेच ओळखला. आणि त्या सगळ्यांत एकच आवाज उच्चार न चुकता म्हणत होता. तो तुझा. पाचही शीलं म्हणालीस. चौथ्या शीलाला सुखदेवचा आवाज गेला, तर तू थांबली नाहीस, पुढची ओळ तूच म्हटलीस, मग तो तुझ्यामागून म्हणाला.

मला वाटलं, झालं. मिटलं.

मग तू आईशी बोललीस. माझ्याशी बोललीस, केक किती मजल्यांचा आहे ते सांगितलंस, तांदूळ उडवतात म्हणालीस, तेवढं तरी आपल्यासारखंच. मी म्हटलं, "थांब, बाबाला देते." तू म्हणालीस, "आजी, नको. आज नाही."

तो माझ्या शेजारीच होता, हात पुढे केलेला. मी म्हटलं, "लाइन गेली रे." तो "हो का" म्हणाला आणि माझ्या हातातून रिसीव्हर घेऊन जागेवर ठेवला. पलीकडचा पियानो त्यालाही ऐकू येत होता.

आजी


३ जुलै १९८८

उल्के,

जयभीम. फोटो आले. साडीत तू आणि शेजारी तो, दोघं काय दिसता! पर्लबाईंची टोपी तर टोपी नाही, छत्री आहे. मला तसली एक हवी. हॉलवर सगळ्यांना दाखवले, आणि सुखदेवनेच दाखवले बरं का. प्रत्येक फोटोला म्हणत होता, "हे माझे जावई. हिस्टरी शिकवतात." एकाने विचारलं, "तुम्ही का नाही गेलात?" तो म्हणाला, "माझ्या चुकीने." तारखेची गोष्ट सांगून त्याला सुटता आलं असतं. लोक हसले असते, विषय संपला असता. त्याने सांगितली नाही.

तो तुला पत्र लिहितो. तुला मिळत नाही, कारण टाकत नाही. लिहितो, वाचतो, खिशात ठेवतो. सुप्रभा कपडे धुताना खिसे बघते, तिला माहीत आहे. गेल्या मंगळवारी सुट्टी घेऊन लंडनला गेला, तिथे अमेरिकेच्या वकिलातीत अर्धा दिवस रांगेत उभा राहिला आणि व्हिसाचा शिक्का घेऊन आला. वीस ऑगस्टचं तिकीट काढलंय. वीस ऑगस्ट, शनिवार, हे मी अक्षरात लिहितेय. दहा दिवस राहणार म्हणतो.

मी म्हटलं, "तिला विचारलंस का?"

"नाही."

"अरे, मग राहणार कुठे?"

"बघू. तिच्या घरापाशी काहीतरी असेल. रोज एकदा जाऊन उभा राहीन. बोलली तर बोलली."

मला राग आला. म्हटलं, आता तरी विचार ना, बाबा. तर म्हणाला, "विचारलं की तिला हो किंवा नाही म्हणावं लागेल. तिला कशाला अडचणीत टाकू?" म्हणजे अजून शिकला नाहीच. म्हणून त्याच्या वतीने मी विचारते. त्याला माहीत नाही. तो पुढच्या खोलीत आहे.

दार उघड असं मी म्हणत नाही. तुला दुखलंय ते माझ्या आकड्यांनी दुखलं नाही, तो तुला काय समजला त्याने दुखलंय, आणि त्यालाही तसंच. ते वाळायला वेळ लागतो. तो उभा राहील. मनमाडला तो दहा वर्षांचा होईपर्यंत माझ्याबरोबर पुष्कळ दारांबाहेर उभा राहिलाय, उन्हात, भाकरीच्या वेळेला, आत ये कुणी म्हणायचं नाही. कुठल्या दाराबाहेर किती लांब उभं राहायचं ते त्याला बरोबर माहीत होतं.

लेकीच्या दाराबाहेर किती लांब उभं राहायचं, ते त्याला माहीत नाही गं. मलाही नाही. तू सांग.

आजी